छतावरच्या डबीला पत्ता असतो

 

गेल्या पावसाळ्यात ठाण्याला माझ्या मावशींकडे गेलो होतो. त्यांची जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे आता टॉवर उभा राहिला आहे. मावशींना अकराव्या मजल्यावर घर मिळालं. वय ८१, पण सगळं स्वतःचं स्वतः करतात. चहा पिता पिता माझी नजर वर गेली. छतावरच्या पांढऱ्या गोल डबीला कुणीतरी आंघोळीच्या वेळी केस भिजू नयेत म्हणून घालतात ती प्लॅस्टिकची टोपी चढवली होती आणि भोवती चिकटपट्टी लावली होती.

“मावशी, हे काय?”

“अरे, ते मेलं रात्रभर लाल डोळा मिचकावतं. शेजारीण म्हणाली, त्यात कॅमेरा असतो. आणि मी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावते, त्याच्या धुराने ते बोंबलायला लागलं तर? अख्खी बिल्डिंग माझ्यापायी खाली उतरेल. म्हणून नातवाला सांगून झाकून घेतलं.”

मला हसू आलं, पण पोटात गोळाही आला. कारण मी १९ वर्षं बहरीनमध्ये याच डब्या बसवायचं आणि त्यांची देखभाल करायचं काम केलं आहे. त्या झाकल्या गेल्या, किंवा त्यांचं म्हणणं आपण नीट ऐकलं नाही, तर काय होतं हे मी जवळून पाहिलं आहे. मावशींना त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्यापैकी अनेक जण आता मुंबई-ठाण्याच्या टॉवरमध्ये किंवा इस्राएलमध्ये मोठ्या इमारतींत राहतात. ही डबी बहुतेकांच्या डोक्यावर आहेच.

आग नेमकी कुठे?

आपल्यातल्या सर्वांत वयस्कर मंडळींना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट आठवत असेल, निदान आईवडिलांकडून ऐकलेला तरी. सॅम्युअल स्ट्रीटवरच्या आपल्या जुन्या मशिदीपासून, म्हणजे शार हारहमीमपासून, व्हिक्टोरिया गोदी काही फार लांब नव्हती. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज तिथे उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि जवळजवळ १४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला. बंबवाले आले, जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. पण धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठे धरली आहे हेच सापडेना. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून आजही आपल्या देशात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

हे आठवण्याचं कारण एवढंच. आग लागली आहे हे कळणं ही अर्धीच गोष्ट. आग कुठे लागली आहे हे कळणं ही दुसरी अर्धी, आणि माणसं वाचतात ती बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्ध्यामुळे. मी ज्या यंत्रणेबद्दल लिहितो आहे, तिचं सगळं काम या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे. तिला ॲड्रेसेबल यंत्रणा म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर, प्रत्येक डबीला स्वतःचा पत्ता असलेली यंत्रणा.

बहरीनमध्ये काय पाहिलं

बहरीन म्हणजे समुद्रातलं छोटंसं बेट. सौदीला २५ किलोमीटरच्या पुलाने जोडलेलं. मनामा ही राजधानी. बाब-अल-बहरीनच्या मागे जुना बाजार, तिथून थोडं पुढे गुदैबिया, हूरा या जुन्या वस्त्या. आपल्या गिरगाव-भुलेश्वरसारख्याच, चिकटून बांधलेल्या इमारती. दुसऱ्या बाजूला काचेचे उंच टॉवर. मी दोन्हीकडे शिडी घेऊन फिरलो आहे.

जुलै २००६ च्या अखेरीस गुदैबियातल्या कामगारांच्या एका इमारतीला पहाटे आग लागली आणि १६ भारतीय कामगार गेले. बहुतेक जण धुराने गुदमरले. जानेवारी २०१३ मध्ये मनामाच्या मुखारका भागात अशाच एका तीन मजली घरात १३ बांगलादेशी कामगार गेले. त्या दिवसांत आमच्या मेसमध्ये कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आम्ही सगळे अशाच इमारतींत राहणारे.

तेव्हा मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्याला ज्वाळांची भीती वाटते, पण माणूस बहुतेक वेळा धुराने जातो. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल हा भरवसा नाही. उलट धुरातला विषारी वायू त्याला आणखी गाढ झोपवतो. मग उठायचं कसं? तर आपल्या वतीने कुणीतरी जागं राहायला हवं. ती ही डबी.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

मी १९९६ ला गेलो तेव्हा बऱ्याच इमारतींत जुनी पद्धत होती. इमारतीचे भाग पाडायचे, त्यांना झोन म्हणायचं. समजा, एक मजला म्हणजे एक झोन. त्या मजल्यावरच्या वीस डब्या एकाच वायरीवर ओवलेल्या. त्यातली कुठलीही वाजली की खाली वॉचमनजवळच्या पॅनेलवर ‘तिसरा मजला’ एवढाच दिवा लागणार. वीसपैकी कुठली, ते वर जाऊन प्रत्येक दार ठोठावून शोधायचं. खोलीला कुलूप असेल तर आत धूर आहे की नाही, बाहेरून कळत नाही. म्हणून काही ठिकाणी दाराच्या वर एक छोटा लाल दिवा बसवतात. त्याला रिस्पॉन्स इंडिकेटर म्हणतात. आतली डबी वाजली की बाहेरचा दिवा लागतो. आपल्या मुंबईतही हॉटेलांच्या आणि ऑफिसांच्या दारांवर तो दिसेल.

नव्या पद्धतीत पॅनेलमधून दोन वायरींची जोडी निघते, सगळ्या डब्यांना भेटत भेटत पुन्हा पॅनेललाच येऊन मिळते. याला लूप म्हणतात. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे ना, तसं पॅनेल दर काही सेकंदांनी हजेरी घेतं. “एक नंबर?” “हजर, सगळं ठीक.” “दोन नंबर?” “हजर, सगळं ठीक.” असं शेवटपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्रंदिवस. बऱ्याच डब्यांचा तो लाल दिवा मिचकावतो, तो ही हजेरी देताना. मावशींना मी हेच सांगितलं की तो कॅमेऱ्याचा डोळा नाही, ते “हजर” आहे. डबी काही बघत नाही, ऐकत नाही. तिला फक्त हवेतला धूर कळतो.

हजेरीचा फायदा असा की, एखादी डबी कुणी काढून नेली, तर ती गैरहजर लागते आणि कुठली गेली हे पॅनेल लगेच सांगतं. आणि लूपची वायर एका ठिकाणी तुटली तर? वायर गोल फिरून आलेली असल्यामुळे पॅनेल दोन्ही टोकांनी विचारपूस चालू ठेवतं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झालं, तर मधेमधे बसवलेले आयसोलेटर तेवढाच तुकडा बाजूला काढतात. बाकीचा लूप चालू राहतो. वीज गेली तरी पॅनेलच्या पेटीत बॅटऱ्या असतात.

पत्ता कसा घालतात

आता हा पत्ता डबीला देतात कसा? काही कंपन्यांत पॅनेलवरूनच देतात, काहींत बारीक चकत्या फिरवून. मी ज्यावर हात बसवला, त्या ब्रिटिश बनावटीच्या डब्यांत सात बारीक खटके असायचे. मला हे समजावून देणारे आमचे सुपरवायझर केरळचे होते. पण मला ते समजलं ते आपल्या वाण्याच्या वजनांवरून.

समजा, वाण्याकडे सातच वजनं आहेत. १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४. प्रत्येक एकदाच वापरायचं. एवढ्यावर १ पासून १२७ पर्यंत कुठलंही वजन तोलता येतं. ४५ हवं? ३२, ८, ४ आणि १ ठेवा. झाले ४५. डबीतले सात खटके म्हणजे ही सात वजनं. जे वजन हवं तो खटका लावायचा. त्या पद्धतीत एका लूपवर १२६ पत्ते बसायचे. दोन डब्यांना चुकून एकच पत्ता गेला, की हजेरीला दोघं एकदम ओरडणार आणि पॅनेल गडबडणार. असा एक खटका शोधायला आम्ही एकदा भर ऑगस्टमध्ये अख्खा दिवस शिड्या चढलो होतो.

पण नुसता ४५ हा आकडा वॉचमनला काय कळणार? म्हणून पॅनेलमध्ये प्रत्येक आकड्यासमोर नाव लिहितात. ‘४५: तिसरा मजला, खोली ३०७’. यालाच आम्ही लेबल म्हणायचो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डबीच्या पोटात काय असतं

सकाळी खिडकीच्या फटीतून कवडसा येतो. हवेतले धुळीचे कण एरवी दिसत नाहीत, कवडशात मात्र चमकतात. धूर ओळखणाऱ्या डबीत हीच युक्ती आहे. आत काळोखी खोली. एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात. दुसरीकडे प्रकाश ओळखणारा डोळा असतो, पण तिरका बसवलेला, त्यामुळे एरवी त्याच्यावर प्रकाश पडत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश इकडेतिकडे उडतो आणि त्या डोळ्यावर पडतो.

हवेतला धूर यंत्राने ओळखता येतो हे कळलं तेही योगायोगाने. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा एक स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र करू पाहत होता. वायू काही ओळखला जाईना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली, आणि यंत्राचा काटा हलला. त्याची युक्ती आजच्या प्रकाशाच्या डबीपेक्षा वेगळी होती, पण वाट तिथून सुरू झाली.

जुन्या डबीचा निर्णय तिचा तीच घ्यायची. एक तर गप्प, नाहीतर आग. नव्या डब्यांपैकी बऱ्याच डब्या नुसतं “किती” ते कळवतात. आज थोडं, आता जास्त, आता खूप. आग म्हणायचं की नाही ते पॅनेल ठरवतं. त्यामुळे पूर्ण अलार्मच्या आधी वॉचमनला सावधगिरीची सूचना देता येते.

स्वयंपाकघरात मात्र बहुधा धुराची डबी लावत नाहीत. फोडणी पडली, पापड भाजला की ती वाजेल. तिथे उष्णता ओळखणारी डबी लावतात. ती साधारण ५७ अंश सेल्सिअसला वाजते. काही डब्यांना तापमान झपाट्याने, म्हणजे मिनिटाला आठेक अंशांनी, चढायला लागलं तरी कळतं. बहरीनच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या मशीनच्या खोल्या अशा तापायच्या की तिथे त्याहून वरच्या तापमानाची डबी लावावी लागायची. नाहीतर आग सूर्यच लावायचा.

धूळ, बखूर आणि खोटे अलार्म

बहरीनमध्ये उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल नावाचा वारा येतो. येताना इराक-सौदीची धूळ घेऊन येतो. ती धूळ दाराच्या फटीतून, एसीच्या नळीतून, सगळीकडे घुसते, डबीच्या काळोख्या खोलीतही. डबीला धूळ आणि धूर यांतला फरक नीट कळत नाही. दोन्हीने प्रकाश उडतोच. वर समुद्राची दमट हवा. थंड खोलीचं दार उघडं राहिलं की आत वाफ धरते, तीही धुरासारखीच. शिवाय तिथल्या घरांतून आणि हॉटेलांतून पाहुण्यांसाठी बखूर जाळतात, म्हणजे निखाऱ्यावर सुगंधी लाकूड. सुगंध छान, पण बरोबर डबीखाली धरला की अलार्म.

यावर नव्या यंत्रणेत एक चांगली सोय आहे. धूळ हळूहळू साठते, महिनोन्‌महिने. धूर मिनिटांत वाढतो. पॅनेल हळू वाढणारा भाग धूळ समजून वजा करत जातं. फारच साठली की “४५ नंबर साफ करा” असं सांगतं. तरीही खोटे अलार्म होतातच. खोट्या अलार्मचा खरा तोटा झोपमोड हा नाही. चार वेळा खोटा वाजला की पाचव्या वेळी कुणी उठत नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे.

माझी चूक

आता जे सांगतो ते मी फार थोड्यांना सांगितलं आहे. मनामातली एक जुनी इमारत, आमच्याकडे तिच्या देखभालीचं काम होतं. मालकाने तिसऱ्या मजल्यावर मधे भिंती घालून खोल्या वाढवल्या आणि दारांवरचे नंबर बदलले. पूर्वीची ३०७ ती आता ३०५ झाली, आणि ३०७ ची पाटी दुसऱ्या टोकाच्या दारावर गेली. मी तपासणीला गेलो तेव्हा वॉचमनने मला हे सांगितलं. लेबल बदलायला लॅपटॉप लागतो, तो त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता. मी वहीत लिहून घेतलं, “पुढच्या वेळी दुरुस्त करणे.” पुढची वेळ तीन महिन्यांनी होती.

पाचेक आठवड्यांनी, रात्री अडीचच्या सुमारास, अलार्म वाजला. पॅनेलवर आलं, ‘तिसरा मजला, खोली ३०७’. वॉचमन धावत वर गेला. ३०७ ची पाटी असलेलं दार उघडलं. आत कुणी नाही, धूर नाही. त्याला वाटलं, पुन्हा धूळ. खाली येऊन त्याने अलार्म बंद केला. पाच-सहा मिनिटांनी एकाला पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जळल्याचा वास आला. ३०५ च्या दाराखालून धूर येत होता. दार फोडलं. आत चिपळूणकडचे एक काका, हॉटेलात आचारी, दोन पाळ्या करून मेल्यासारखे झोपले होते. फ्रिजची वायर जळली होती. ज्वाळा अशा नव्हत्याच, नुसता काळा धूर. काकांना बेशुद्धच खाली आणलं.

काका वाचले. नऊ दिवस दवाखान्यात होते. आवाज मात्र कायमचा बसला. मी भेटायला गेलो, खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, “अरे, डबी तर बोलली ना? मग तुम्ही दुसरीकडे का गेलात?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. डबीने तिचं काम केलं होतं. पॅनेलनेही केलं. ४५ नंबर म्हणजे ४५ नंबरच वाजला होता. त्या ४५ समोर लिहिलेलं नाव जुनं होतं, आणि ते बदलायचं काम माझं होतं. वॉचमनलाही मी दोष देत नाही. त्याला पाटी दिसली तिथे तो गेला.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. प्रत्येक तपासणीला एक माणूस वर, एक खाली. वरच्याने प्रत्येक दारासमोर उभं राहून डबीखाली परीक्षेचा धूर फवारायचा आणि वॉकी-टॉकीवर दारावरची पाटी वाचायची. खालच्याने पॅनेलवर आलेलं नाव वाचायचं. दोन्ही जुळलं तरच पुढचं दार. वेळ लागायचा, साहेब कुरकुरायचे. पण नंबर जुळल्याशिवाय मी सही केली नाही.

आपण काय करावं

मंडळी, आपल्याला शिडी चढायची नाही की खटके लावायचे नाहीत. पण काही गोष्टी घरबसल्या करता येतात.

पहिली गोष्ट, वर बघा. नवीन इमारतीत काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून डबीला रंगीत प्लॅस्टिकचं झाकण घालतात. घराचा ताबा मिळाला तरी कित्येकदा ते तसंच राहतं. रंगारी कधी डबीवरही रंग फिरवतात. दोन्ही प्रकारांत डबी “हजर” म्हणत राहते, पण धूर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. झाकण दिसलं तर सोसायटीला सांगून काढून घ्या. स्वतः स्टुलावर चढू नका.

दुसरी, दिव्याची. शुक्रवारचा दिवा बेलाशक लावा. तेलाचा स्वच्छ जळणारा दिवा किंवा मेणबत्ती यांचा धूर इतका थोडा असतो की तेवढ्याने डबी सहसा वाजत नाही. बरोबर तिच्या खाली मात्र ठेवू नका, जरा बाजूला ठेवा. वात नीट कापलेली असू द्या, म्हणजे काजळी धरणार नाही. आणि दिव्याजवळ पडदा नको. डबीपेक्षा ती काळजी मोठी.

तिसरी, सोसायटीला विचारा. “माझ्या घरातली डबी वाजली तर खाली पॅनेलवर काय नाव येतं?” पुढच्या तपासणीला वॉचमनबरोबर स्वतः पाहा किंवा मुलाला पाहायला सांगा. फ्लॅटचा नंबर बरोबर आहे ना? टॉवरला दोन विंग असतील तर विंग बरोबर आहे ना? महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे ही यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. सोसायटीच्या सभेत हे विचारणं तुमचा हक्क आहे. म्हाताऱ्यांना काय कळतं, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

चौथी, कानांची. रात्री कानातलं यंत्र काढून झोपणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ब्रिटिश नियमांत अलार्मचा आवाज झोपलेल्याच्या उशाशी ७५ डेसिबल हवा असं आहे, पण बहिऱ्या कानाला तोही पुरेलच असं नाही. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, अलार्म झाला तर माझं दार जोरात वाजवा. एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा.

पाचवी, अलार्म झाल्यावर. लिफ्ट वापरू नका. जिना उतरता येत असेल तर उतरा, वाटेत धूर असेल तर खाली वाकून चाला. जिना उतरवत नसेल किंवा बाहेर धूर दाट असेल, तर दार लावून घ्या, दाराच्या फटीला ओलं फडकं लावा, बाल्कनीत किंवा खिडकीशी बसा आणि फोन करा. भारतात १०१ किंवा ११२, इस्राएलमध्ये १०२, बहरीनमध्ये ९९९. फोनवर आधी पत्ता सांगा. इमारत, विंग, मजला, फ्लॅट. मग बाकीचं. आणि शब्बाथ असला तरी फोन करायला कचरू नका. जीव वाचवण्यापुढे शब्बाथही बाजूला राहतो, ही आपल्याच धर्माची शिकवण आहे. पिकुआह नेफेश म्हणतात ती हीच.

शेवटची, खास वॉचमनसाठी, पण आपणही त्याला सांगू शकतो. आधी जाऊन बघायचं, मग आवाज बंद करायचा. आणि सांगितलेल्या खोलीत काही दिसलं नाही, तर शेजारच्या आणि समोरच्या खोल्याही बघायच्या. डबी उगाच वाजली असं ठरवायची घाई करायची नाही.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं. चिपळूणच्या काकांचं ऐकताना त्यांनी पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, “मग उभा काय राहिलास? काढ ती टोपी.” मी काढली. डबीने लाल दिवा मिचकावला. आम्ही दोघं खाली वॉचमनकडे गेलो आणि पॅनेलमधलं नाव वाचून घेतलं. मजला बरोबर होता, विंग चुकली होती. सेक्रेटरींना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या आठवड्यात ते दुरुस्त झालं. मावशींनी स्वतः खाली जाऊन पाहिलं आणि मला फोन करून कळवलं.

तुमच्या डबीचं नाव काय आहे, ते एकदा बघून घ्या.